पावणेचारशे ग्रॅम

मी पुण्याजवळच्या एका कारखान्यात मोटारींचे क्लच डिझाईन करते. बेळगावला घरी काही कार्य असलं, की पंगतीत कुणीतरी विचारतंच, ‘तू नक्की काय करतेस गं?’ सांगितलं, की पुढचा प्रश्न ठरलेला. ‘क्लचमध्ये नवीन काय करायचं असतं? तो असतोच की गाडीत!’ खरं आहे. शंभर वर्षांहून जुनी वस्तू आहे ती, तिचा शोध मला लावायचा नाही. माझ्या टेबलावर काम येतं ते असं: आहे तोच क्लच, तितकीच पकड, तितकंच आयुष्य, फक्त वजन उतरवा आणि किंमत उतरवा. गेली अडीच वर्षं मी एका छोट्या पेट्रोल गाडीच्या क्लचवर हेच करत होते. शेवटी उतरलं ते पावणेचारशे ग्रॅम. अर्धा किलो कुंद्याच्या डब्यापेक्षाही कमी. पण ते कुठून काढायचे आणि कुठून काढायचे नाहीत, या प्रश्नापायी जी वणवण झाली ती सांगण्यासारखी आहे.

आधी क्लच म्हणजे काय ते थोडक्यात सांगते. तुमच्यातले बरेच जण रोज तो दाबतात, पण पाहिलेला नसतो. दोन ताटांच्या मध्ये एक भाकरी ठेवली आहे असं समजा. एक ताट म्हणजे फ्लायव्हील, ते इंजिनाला जोडलेलं. मधली भाकरी म्हणजे क्लच प्लेट, तिच्या दोन्ही बाजूंना लायनिंग असतं आणि ती गिअरबॉक्सच्या दांड्यावर बसते. दुसरं ताट म्हणजे प्रेशर प्लेट, बीडाची, जाडजूड. या दुसऱ्या ताटाला मागून एक मोठी, बशीच्या आकाराची पोलादी स्प्रिंग दाबून धरते. तिचं नाव डायफ्रॅम स्प्रिंग. या सगळ्यावर पत्र्याचं झाकण असतं, ते कव्हर. तुम्ही पेडल दाबलं, की स्प्रिंगचा दाब सुटतो, भाकरी मोकळी होते, इंजिन आणि चाकं वेगळी होतात. पाय सोडला, की परत घट्ट.

किती घट्ट? आमच्या गाडीचं इंजिन जास्तीत जास्त ११० न्यूटन-मीटर पीळ देतं. क्लच तेवढ्यावर आखून चालत नाही, कारण लायनिंग झिजतं, तापतं, कुणी गाडीला ट्रेलर बांधतं. म्हणून १.४ पट धरून १५४ न्यूटन-मीटरचा हिशेब. लायनिंगचा बाहेरचा व्यास २०० मिलिमीटर, आतला १३४, म्हणजे सरासरी त्रिज्या साडेचौऱ्याऐंशीच्या आसपास. घर्षणाचा गुणांक ०.२७ आणि घासणारे पृष्ठभाग दोन. भागाकार केला, की उत्तर येतं सुमारे ३,४०० न्यूटन. साध्या भाषेत, ३४० किलो. क्लच घसरू नये म्हणून त्या प्रेशर प्लेटवर पाच मोठी माणसं कायमची उभी आहेत असं समजा. आणि तुम्ही डाव्या पायाने, नऊ-दहा किलोच्या जोरावर, त्या पाचही जणांना उचलून बाजूला करता. ही तरफांची करामत आहे आणि मला ती अजूनही आवडते.

आता वजन. साहेबांच्या पहिल्या मीटिंगमध्ये सर्वांत सोपा उपाय पुढे आला, व्यास कमी करा. २०० ऐवजी १९० मिलिमीटरचा क्लच लावला तर सगळंच लहान होतं, प्लेट, कव्हर, लायनिंग. एका फटक्यात जवळजवळ अर्धा किलो. कागदावर हे फार छान दिसतं. पण त्रिज्या कमी झाली, की तोच पीळ धरायला दाब वाढवावा लागतो, सुमारे पाच टक्के. पाच टक्के म्हणजे काही फार नाही, असं खोलीत सगळ्यांना वाटलं. खरी मेख क्षेत्रफळात होती. लायनिंगचं क्षेत्रफळ पंधरा टक्क्यांनी घटतं, आणि वाढलेला दाब त्या घटलेल्या जागेवर पडतो. प्रत्येक चौरस सेंटिमीटरवरचा भार जवळजवळ पाव भागाने चढतो. म्हणजे लायनिंग लवकर झिजणार, पेडल जड होणार आणि क्लच बदलायचा खर्च गाडीवाल्याच्या खिशातून जाणार. आमच्या कारखान्याचे पंधरा रुपये वाचवायला गिऱ्हाइकाने दोन-तीन वर्षं आधी गॅरेजला जायचं. हा उपाय बाजूला पडला, आणि योग्य कारणासाठी पडला.

दुसरा उपाय होता प्रेशर प्लेट पातळ करण्याचा. इथे मला जरा थांबायचं आहे, कारण क्लचचं सगळं मर्म या एका तुकड्यात आहे.

प्रेशर प्लेट बघितली, की वाटतं हा नुसता लोखंडाचा गोळा. दाबायचंच काम आहे ना, मग एवढी जाड कशाला? ताकदीचा हिशेब केला तर खरोखरच ती निम्म्या जाडीतही दाबेल. तिची जाडी ठरते उष्णतेवरून. क्लच सुटताना, म्हणजे आपण ज्याला हाफ क्लच म्हणतो त्या वेळात, भाकरी आणि ताटं एकमेकांवर घासतात. ते घर्षण उष्णता बनतं आणि ती उष्णता कुठेतरी जायला हवी. लायनिंग उष्णता घेत नाही, ते जवळजवळ लाकडासारखं आहे. मग निम्मी जाते फ्लायव्हीलमध्ये आणि निम्मी प्रेशर प्लेटमध्ये. फ्लायव्हील जड, त्याला फरक पडत नाही. प्रेशर प्लेट मात्र या दोघा भावांतला धाकटा, हिस्सा सारखा आणि खांदे अरुंद.

आकडे पाहा. पाच माणसं आणि डिकीभर सामान घेतलेली आपली हॅचबॅक धरा १,३०० किलोची. चांगल्या चढावर थांबलेली गाडी पुन्हा सुरू करायला क्लचमध्ये साधारण २० किलोज्यूल उष्णता तयार होते. त्यातली १० प्रेशर प्लेटच्या वाट्याला. प्लेट २.४ किलोची असेल तर एका वेळेला ती आठेक अंशांनी तापते. दोन किलोची केली तर दहा अंशांनी. दोन अंशांचा फरक, म्हणजे किरकोळ, असं वाटतं ना? पण घाटात गाड्यांची रांग लागली, की गाडी एकदाच उचलावी लागत नाही. थांबा, दहा फूट पुढे जा, परत थांबा. असं वीस वेळा, आणि मध्ये थंड व्हायला पुरेसा वेळ नाही. एकीकडे १६५ अंशांची भर, दुसरीकडे २०० अंशांची. शिवाय गिअरबॉक्सच्या त्या बंद घंटेत मुळातच ऐंशी-नव्वद अंश असतात. म्हणजे एक प्लेट २५० अंशांवर, दुसरी २९० च्या घरात. आपण वापरतो त्या लायनिंगची पकड नेमकी २५० ते ३०० च्या पट्ट्यात ढासळायला लागते. मग तो वास येतो. घाटात ज्यांनी गाडी चालवली आहे त्यांना मी कुठल्या वासाबद्दल बोलते ते सांगायला नको.

त्यात आणखी एक. प्लेटची घासणारी बाजू तापते, मागची बाजू त्या मानाने थंड राहते. तापलेली बाजू प्रसरण पावते आणि अख्खी प्लेट बशीसारखी किंचित वाकते. जितकी पातळ, तितकी जास्त वाकते. मग ती लायनिंगवर पूर्ण न टेकता एका अरुंद कड्यावर टेकते, आणि सगळी उष्णता त्या कड्यात. जुनी प्रेशर प्लेट मेकॅनिकने काढून दाखवली तर तिच्यावर निळसर डाग दिसतात. ते याचेच.

या हिशेबाची खात्री करायला आम्ही चाचणीची गाडी घेऊन चोर्ल्याला गेलो होतो. बेळगावकरांना चोर्ला सांगायला नको. गोव्याच्या बाजूने, केरीहून वर चढताना जी वळणं आहेत तिथे गाडी थांबवायची आणि उचलायची, पुन्हा थांबवायची. मागच्या सीटवर वाळूची पोती, पुढे मी लॅपटॉप घेऊन. प्रेशर प्लेटमध्ये बारीक भोक पाडून तापमान मोजणारी तार बसवलेली. प्लेट फिरती असल्यामुळे तिचा आकडा रेडिओने माझ्यापर्यंत येत होता. आमचा चालक घाटातला मुरलेला माणूस. त्याला म्हटलं, ‘मामा, असं चालवा, की नुकतंच लायसन मिळालंय.’ ते त्यांना काही केल्या जमेना! त्यांचा पाय इतका सफाईदार, की क्लच तापतच नव्हता. शेवटी माझ्या कॉलेजातल्या भावाला बोलावून स्टिअरिंग त्याच्या हाती दिलं. पंधरा मिनिटांत आकडा चढला. पातळ प्लेटवर तर पंधराव्या उचलीलाच वास आला आणि इंजिनाचा आवाज वाढला, पण गाडी वाढेना.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं. प्रेशर प्लेटमधला काही भाग नुसता बसून असतो आणि काही भाग काम करत असतो. काट्यावर दोघांचं वजन सारखं दिसतं. घासणाऱ्या चेहऱ्याच्या लगतचं लोखंड काम करतं, त्याला हात लावायचा नाही. मागच्या बाजूला, स्प्रिंग टेकते त्या कड्याच्या पलीकडे, आणि तिन्ही कानांच्या मधल्या भागात जे लोखंड होतं, तिथे उष्णता पोचेपर्यंत चढ संपलेला असायचा. ते काढलं. सगळं मिळून जेमतेम १०० ग्रॅम. साहेबांचा चेहरा पडला, पण चोर्ल्याचा आलेख समोर होता.

(जाता जाता एक. चढावर गाडी थांबवायची असेल तर हँडब्रेक लावा. हाफ क्लचवर गाडी तोलून धरणं हा काही कौशल्याचा भाग नाही. माझा भाऊ हे वाचणार आहे.)

कव्हरकडे वळू. हे साडेतीन मिलिमीटरच्या पत्र्यातून प्रेसवर काढतात. इथे नवख्या माणसाला पहिला मोह होतो तो भोकं पाडण्याचा. खिडक्या मोठ्या करा, वजन कमी होईल. होतंही. पण किंमत कमी होत नाही! पत्रा विकत घेतला तो अख्खा, खिडकीतून पडलेला तुकडा भंगारात गेला. भंगाराचा भाव तुम्हाला ठाऊकच आहे. म्हणजे वजन आणि किंमत या दोन गोष्टी आपण एका दमात उच्चारतो, पण त्या दर वेळी हातात हात घालून चालत नाहीत. जाडी कमी केली तर दोन्ही उतरतात. साडेतीनचा पत्रा तीनवर आणला. पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात बदलतो. जाडी चौदा टक्क्यांनी घटली, की ताठपणा सदतीस टक्क्यांनी गेला. कव्हर लवचीक झालं तर तुम्ही पेडल दाबाल, पण तो दाब कव्हर वाकवण्यातच खर्च होईल, आणि क्लच अर्धवट सुटून गिअर पडताना खरखर करेल. उपाय जुनाच, आपल्या स्टीलच्या डब्यांच्या झाकणांवर असतो तो, उठावाच्या रेघा. कव्हरवर बरोबर जागी अशा घड्या घातल्या, की ताठपणा परत येतो, आणि त्या त्याच प्रेसच्या ठोक्यात निघतात, वेगळा खर्च नाही. त्यांची जागा शोधायला संगणकावर आठ महिने गेले, ते सोडा.

खिडक्यांचं मात्र एक छान झालं. डायफ्रॅम स्प्रिंग कव्हरला धरून ठेवायला आमच्या जुन्या डिझाईनमध्ये नऊ रिव्हेटा आणि दोन तारेची कडी होती. आता खिडकीचा पत्रा पूर्ण कापून टाकायचा नाही. तीन बाजूंनी कापायचा, चौथी तशीच ठेवायची आणि ती जीभ आत वळवून स्प्रिंगला धरायचं. भंगारात जाणारा तुकडा कामाला लागला, नऊ रिव्हेटा गेल्या, एक कडं गेलं. ही कल्पना माझी नाही. जगात अनेक क्लच अशा जिभांचे आहेत. आमच्या प्रेसवर, आमच्या पत्र्यात ती जीभ तडा न जाता वळवणं एवढंच आमचं. मुळात ही डायफ्रॅम स्प्रिंगसुद्धा अशाच काटकसरीची लेक आहे. तिच्या आधीच्या क्लचमध्ये गोल वेटोळ्यांच्या अनेक स्प्रिंगा असत आणि प्लेट मागे ओढायला वेगळ्या तरफा. या एकाच बशीने स्प्रिंगांचंही काम घेतलं आणि, तिला आतून चिरा देऊन बोटं काढल्यामुळे, तरफांचंही. भाग कमी, वजन कमी, पेडल हलकं. काटकसरीतून वस्तू चांगलीसुद्धा होऊ शकते, याचं मला ठाऊक असलेलं हे सर्वांत सुंदर उदाहरण.

पण खरी गोष्ट अजून पुढेच आहे. आमच्या प्रेशर प्लेटचं कास्टिंग येतं उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीतून. उद्यमबाग म्हणजे आपल्या बेळगावची औद्योगिक वसाहत. तिथल्या भट्ट्यांत ओतलेलं लोखंड देशभरच्या गाड्यांत आणि पंपांत फिरतं आहे, याचा अभिमान आपण पुरेसा बाळगत नाही असं माझं मत. मी बेळगावची, म्हणून मलाच पाठवलं. फाउंड्रीचे मालक साठी उलटलेले. मी शहापूरची म्हटल्यावर ‘कुठल्या गल्लीतली?’ इथून सुरुवात झाली आणि चहा येईपर्यंत ते काका झाले.

मी दोन ड्रॉइंगं नेली होती. एकात कानांच्या मागे खोल खळगे होते, दुसऱ्यात फक्त उतरती कड. काकांनी पहिलं उचललं, चष्मा कपाळावर सारला आणि विचारलं, ‘हा खड्डा कशाला काढूलालीस बाळ?’

‘साठ ग्रॅम वाचतात काका.’

‘साठ ग्रॅम बीड केवढ्याचं? या खड्ड्याला कोअर लागंल. वाळूचा कोअर करायचा, भाजायचा, साच्यात बसवायचा, मोडला की कास्टिंग गेलं. बीडापेक्षा खड्डा महाग.’ मग दुसरं ड्रॉइंग पाहून मान हलवली. ‘ही उतरती कड चालंल. साचा असा उचलतो की नै, त्याच्याच दिशेनं आहे.’

नंतर त्यांनी मला शेडमध्ये नेलं आणि वजनकाट्यावर एक कच्चं कास्टिंग ठेवलं. ३.१ किलो. तयार प्लेट २.४ किलोची. मधले सातशे ग्रॅम कुठे जातात? लेथवर चुरा होऊन. म्हणजे ते लोखंड आम्ही वितळवायला पैसे देतो, पुण्यापर्यंत आणायला देतो, आणि पुन्हा कापून टाकायला देतो. गाडीच्या काट्यावर ते कधी दिसतच नाही. आम्ही अडीच वर्षं शंभर ग्रॅमसाठी डोकं फोडत होतो आणि सातशे ग्रॅम रोज झाडून निघत होते.

हा चुरा होतो कारण साच्याचे वरचा आणि खालचा असे दोन भाग एकमेकांवर तंतोतंत बसत नाहीत. जरा सरकतात. म्हणून सगळीकडे तीन-तीन मिलिमीटर जास्तीचं लोखंड ठेवायचं आणि नंतर कापायचं. काका म्हणाले, ‘बॉक्सच्या पिना आणि बुश झिजलेत. ते नवे केले, लाकडी पॅटर्न सोडून धातूचा केला, तर पावणेदोन मिलिमीटरात देतो. आणि तुमचा तो घासणारा चेहरा साच्यात खाली ठेवतो. घाण, वाळू, मळी, सगळं वर तरंगतं, खालची बाजू स्वच्छ निघते.’ मी मनातल्या मनात गुणाकार करत होते. कास्टिंग २.६ किलोवर येत होतं. एका नगामागे अर्धा किलो बीड वाचत होतं, आणि लेथचा वेळही.

‘मग इतकी वर्षं का केलं नाही काका?’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी अजून पहिलीतच आहे. ‘मला पैसे किलोवर मिळतात बाळ.’

या वाक्यावर मी परतीच्या सगळ्या वाटेने विचार करत होते. कास्टिंगचा दर किलोवर. साचा तोच, वाळू तीच, साचा भरणारा आणि ओतणारा माणूस तोच, कड घासणाऱ्याची मजुरी तीच. फक्त ओतलेलं लोखंड कमी. भट्टीची वीज आणि कच्चा माल थोडा वाचेल, पण बिल सोळा टक्क्यांनी खाली येईल. वर नव्या पॅटर्नचा आणि पिनांचा खर्च त्यांच्या अंगावर. म्हणजे आम्ही हलकी वस्तू मागत होतो आणि जड वस्तूचे पैसे देत होतो. उद्या एखाद्या शिंप्याला आपण मीटरवर मजुरी दिली आणि म्हटलं, कापड वाचव, तर तो कशाला वाचवेल?

परत येऊन मी खरेदी विभागाशी बोलले. दर किलोवरून नगावर आणा. पॅटर्नचा खर्च आपण करू किंवा पहिल्या काही नगांवर वाटून देऊ. वाचलेल्या लोखंडातला काही हिस्सा फाउंड्रीकडे राहू दे. माझा समज असा, की हे ऐकून लोक खूश होतील, कारण यात सगळ्यांचंच भलं होतं. उत्तर आलं, ‘सगळ्या कास्टिंगना किलोचाच दर आहे, एकाला वेगळा दिला तर बाकीचे मागतील.’ दुसरं उत्तर तर आणखी पुढचं. ‘ड्रॉइंग बदलून टाका, दर किलोचाच ठेवा. वजन उतरेल, बिल आपोआप उतरेल. त्याला जमत नसेल तर दुसरा बघू.’

कॉस्ट कमी करण्याचे दोन रस्ते असतात. एक वस्तूतून काढायचा, दुसरा माणसातून. दुसरा फार सोपा असतो, एका ईमेलचं काम. त्याला डिझाईन लागत नाही, आठ महिन्यांचा संगणक लागत नाही, घाट चढावा लागत नाही. तो आकडा वर्षअखेरीच्या तक्त्यात ‘बचत’ याच रकान्यात बसतो आणि माझ्या उठावाच्या रेघांपेक्षा ठळक दिसतो. मला याचा राग येतो, अजूनही. काका ते सहन करतील कदाचित. मग पिना बदलायचं लांबणीवर टाकतील, वाळू जरा हलकी वापरतील, आणि सहा महिन्यांनी आमच्या लेथवर कास्टिंगमध्ये पोकळी सापडायला लागेल. तेव्हा तिला ‘सप्लायर क्वालिटी’चा प्रॉब्लेम म्हणतील.

तीन महिने मी तोच एक कागद घेऊन फिरले. त्यावर तीन रकाने होते: बीड, मशिनिंग, वाहतूक. शेवटी मशिनिंगचा रकाना कामी आला. पावणेदोन मिलिमीटर कापायला लेथला एकच फेरी पुरते, तीनला दोन लागत होत्या. लेथची टिप जास्त टिकते, मशीन मोकळं होतं. हा फायदा आमच्याच छपराखालचा असल्यामुळे उत्पादन विभागाचे साहेब माझ्या बाजूने उभे राहिले, आणि या एका भागापुरता नगाचा दर मंजूर झाला. मुदत दोन वर्षं. पॅटर्नचे पैसे पहिल्या पन्नास हजार नगांवर वाटून.

क्लच प्लेटवर सत्तर ग्रॅम मिळाले, त्याचं फार सांगत नाही. तिथलं वजन कमी झालं, की गिअर बदलताना हात हलका लागतो, कारण गिअरबॉक्सला ती प्लेट दर वेळी वेगळ्या गतीवर आणावी लागते. हा फुकटचा फायदा. तिच्यातल्या छोट्या स्प्रिंगा कमी करून पाहिल्या होत्या, तर गाडी उभी असताना गिअरबॉक्स डब्यात खडे हलवल्यासारखा वाजायला लागला, म्हणून त्या परत घातल्या. कव्हर, रिव्हेटा आणि कडं मिळून दोनशेच्या वर, प्लेटचे शंभर. असे ते पावणेचारशे.

शेवटची परीक्षा बर्स्ट टेस्टची. जाड पोलादी खोलीत क्लच गरम करून फिरवायचा, इंजिनाच्या कमाल वेगाच्या जवळजवळ दुप्पट. कारण कुणी पाचव्या गिअरमधून चौथ्यात जायच्या ऐवजी चुकून दुसऱ्यात गेला आणि क्लच दाबून धरला, तर चाकं क्लच प्लेटला इंजिनाच्या कमाल वेगापेक्षा कितीतरी जास्त फिरवतात. त्या क्षणी ती फुटता कामा नये, ती माणसांच्या पायांपासून हातभर अंतरावर असते. आमची फुटली नाही. खोलीबाहेर उभं राहून तो वाढता आवाज ऐकताना मात्र घशाला कोरड पडते, कितीही हिशेब केलेले असोत.

‘आता इलेक्ट्रिक गाड्यांना क्लचच नसतो, मग हे सगळं कशाला?’ हे मला आमच्या घरातली शाळकरी मुलंही विचारतात. बरोबर आहे, बहुतेक इलेक्ट्रिक गाड्यांना तो नसतो. पण २०१४ पासून आपल्याकडे छोट्या गाड्यांत जो क्लच पेडल नसलेला स्वयंचलित गिअर आला, त्याच्या आत हाच कोरडा क्लच आहे. फक्त तुमच्या पायाऐवजी एक छोटं यंत्र तो दाबतं. आणि यंत्राला घाटातला वास येत नाही, म्हणून त्या गाड्यांत प्लेटच्या उष्णतेचा हिशेब जास्तच काटेकोर ठेवावा लागतो. मला अजून काही वर्षं काम आहे.

नवा क्लच गाड्यांत बसायला लागून आता आठ-नऊ महिने झाले. गेल्या महिन्यात काकांच्या फाउंड्रीत गेले होते. पिना नव्या, पॅटर्न ॲल्युमिनियमचा, चुऱ्याचा ढीग निम्म्याहून कमी. दोन वर्षांची मुदत संपल्यावर दर पुन्हा किलोवर आणायचा विषय खरेदी विभागाने आतापासूनच काढला आहे, ते त्यांनाही कळलं होतं. ते त्यावर काही बोलले नाहीत. पुढचं काम काय, एवढंच विचारलं. पुढचं २१५ मिलिमीटरचं आहे, थोड्या मोठ्या इंजिनासाठी, त्याचं कच्चं कास्टिंग आज साडेतीन किलोच्या वर भरतं. ड्रॉइंग माझ्याकडे तयार आहे. अजून पाठवलेलं नाही. आधी दर नगावर लिहून घेते, मग पाठवते.